लोटनच्या फर्ग्युसनची किंमत

सोमवार, २ एप्रिल १९९०. देवपूर, धुळे

पाटी लावून महिना झाला. 'हिंमतराव देवरे, निवृत्त यांत्रिकी अधिकारी. यंत्रसामग्रीचे मूल्यांकन करून मिळेल.' महिनाभरात पाटीखाली दोनच माणसं थांबली. एक कुल्फीवाला, तोही सावलीसाठी. दुसरा शिलाई मशीन घेऊन आलेला एक गृहस्थ. त्याला मी मूल्यांकन आणि दुरुस्ती यातला फरक नीट समजावून सांगितला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हंजे तुम्हले दुरुस्ती येत नही." गाढवाला गुळाची चव काय.

पुष्पाचं म्हणणं, पाटी काढा आणि पिठाची गिरणी टाका. बत्तीस वर्षं सरकारी कर्मशाळेत काढलेल्या माणसाला त्याची बायको हे सांगते.

आज मात्र खरं गिऱ्हाईक आलं. पारोळ्याकडच्या पिंपळखेड्याचे भाईदास. पन्नाशीचा माणूस, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही उमटत नसावं. प्रकरण असं की यांचे वडील भिकन आबा यांनी १९५४ साली त्या भागातला पहिला ट्रॅक्टर आणला. राखाडी फर्ग्युसन, विलायतेचा. पुढे तो बंद पडला आणि अठरा वर्षं कडब्याखाली पडून राहिला. धाकटा भाऊ लोटन याला काय भूत लागलं कोण जाणे, त्याने पाच वर्षं खपून तो पुन्हा चालू केला, रंगवला, आणि गेल्या साली कावीळ होऊन वारला. आता लोटनची विधवा द्रौपदाबाई आणि भाईदास यांची आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वाटणी आहे.

घर, गुरं, कोरडवाहू जमीन यांचे सरळ दोन भाग झाले. अडलंय ते विहिरीच्या तीन एकर वावरावर आणि या ट्रॅक्टरवर. वावराची किंमत पंचांनी साठ हजार धरली आहे. ट्रॅक्टर भंगार निघाला तर तो द्रौपदाबाईकडेच राहू द्यायचा, वावर मधोमध फोडायचं आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावायच्या. ट्रॅक्टर किमतीचा निघाला तर एकाने वावर घ्यायचं, दुसऱ्याने ट्रॅक्टर.

"आमच्या खेड्यात कोणाला काय समजतं साहेब," भाईदास म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस पाहिजे."

महिन्याभरात खरं बोललेला हा पहिला माणूस.


गुरुवार, ५ एप्रिल

पिंपळखेड्याला जाऊन आलो. एसटीने पारोळा, तिथून बैलगाडी. अंगातून घामाच्या धारा. गाव म्हणजे उकिरडे, बाभळी आणि त्यांच्यामध्ये बसलेली माणसं. मी उतरलो तेव्हा सगळे एकदम उठून उभे राहिले. तेवढं त्यांना येतं.

ट्रॅक्टर पडवीत होता. द्रौपदाबाई लुगड्याच्या पदराने तो पुसत होती. बॉनेट, मडगार्ड, दिवे, अगदी नांगर जोडायच्या दांड्यासुद्धा. कुंकवाची बोटं ओढलेली, समोर उदबत्ती. म्हटलं, चालणारं यंत्र आहे की मारुतीचं देऊळ?

तपासणी केली. 'पुनरुज्जीवन' म्हणे. सायलेन्सर विहिरीच्या पाइपचा. रेडिएटरचं झाकण म्हणजे पितळी डब्याचं झाकण, खाली रबर लावून बसवलेलं. सीट मालेगावच्या भंगारातली. रंग कपाटाला लावतात तो. सेल्फ मुळातच नाही, पुढून हँडल मारायचं. आणि इंजिन पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं. रेशनच्या रॉकेलवर शेत नांगरणार हे लोक. मनातल्या मनात हसलो आणि वहीत सगळं उतरवलं.

पुना नाना म्हणून गावचे म्हातारे पंच आहेत. त्यांनी वाटणीची रीत सांगितली, मी न विचारता. "देवरेसाहेब, आमनी रीत सोपी शे. मोठा भाऊ वाटा पाडस, धाकला आधी उचलस. एकदाव उचलं का मंग देव उना तरी बदलत नही." लोटन नाही, म्हणून त्याच्या जागी त्याची बायको उचलणार. मला या खेडवळ कारभाराशी काय देणंघेणं? मी यंत्राचा माणूस.

निघताना बाई बोलली. जेठ, म्हणजे मोठा दीर भाईदास, ओट्यावर बसलेला, त्याच्यासमोर ती बोलत नाही, म्हणून भिंतीआडून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बोलली. आवाज मात्र असा की तिसऱ्या घरी जावा. "साहेब, किंमत कमी लिखा. हाई मना मालकना हातनं शे. माले हाईच जोयजे. तुम्ही जास्त लिखात ते यानापायी मनं वावर जाई."

भाईदास ओट्यावर पान लावत होते. त्यांचा हात चुन्याच्या डबीतच थांबला.


शुक्रवार, ६ एप्रिल

हिशेब सोपा आहे. छत्तीस वर्षांचं यंत्र, घसारा लावला तर किंमत केव्हाच शून्याखाली गेली. उरलं लोखंड. अकरा क्विंटल, चार रुपये किलो, चार हजार चारशे. बाईची इच्छा आपोआप पुरी होणार. अर्थात तिच्या इच्छेसाठी नाही.

खरं सांगायचं तर (इथे लिहायला हरकत नाही, पुष्पाला माझं अक्षर लागत नाही) मी आजवर एकट्याने ट्रॅक्टरची किंमत काढलेली नाही. कर्मशाळेत वर साहेब असायचे, खाली कारकून असायचे, मी मधे सही करायचो. चार हजार चारशे लिहायला मूल्यांकनकार कशाला? मालेगावचा भंगारवाला फुकट सांगेल. पहिल्याच कामात एवढीशी किंमत काढली, तर लोक माझीही तेवढीच काढतील.

पुष्पाला जेवताना प्रकरण सांगितलं. सगळं सोडून तिने विचारलं, "आधी कोण उचलणार?"

म्हटलं, त्याचा यांत्रिकीशी काय संबंध? ती म्हणाली, "काही नाही," आणि ताक वाढलं.


गुरुवार, १२ एप्रिल

इंजिन चालवून पाहायला पुन्हा पिंपळखेडे. हँडल मारायला भाईदास पुढे झाले, पण बाईने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच पदर खोचून, हँडल धरून, खालून वर एक झटका. पहिल्याच झटक्यात लागला. चांगला आवाज आहे, हे मान्य करायला हवं. घुमणारा, एकसारखा. गल्लीतली पोरं गोळा झाली. बाई बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, डोळ्यांतून पाणी. इंजिन चाललं तर लोक हसतात. या बाईला रडू येतं. मी आवाज ऐकत होतो, ती नवऱ्याला ऐकत असावी. असल्या भावना मूल्यांकनात कुठे धरायच्या?

भाईदास गुरांना पाणी दाखवायला गेल्यावर ती जवळ आली. या वेळी आवाज अगदी बारीक. "साहेब, तुम्ही शिकेल मानूस शेतस म्हनीसन सांगस. नाशिकना एक साहेब उना व्हता. मालकले म्हने, परदेशमा अशा गाडीस्नी लाखमा किंमत व्हस. मालकनी इकी नही. पन साहेब, हाई जेठले सांगू नका. त्यास्ले कळनं ते मना घात व्हई."

पोटात एक गोष्ट राहत नाही या बायकांच्या. जी लपवायची तीच सांगायची, आणि तीही परक्या माणसाला.

मी भाईदासना सांगितलं. न सांगून कसं चालेल? मला काम त्यांनी दिलेलं आहे, आणि किमतीशी संबंध असलेली वस्तुस्थिती दडवणं माझ्या शिस्तीत बसत नाही. त्यांनी एकवार ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "साहेब, आज जेवल्याशिवाय जायचं नाही." कोंबडं कापलं. भरीत, कळण्याची भाकरी. पानाला चुना लावता लावता हळूच म्हणाले, "तिचा जीव त्या ट्रॅक्टरमध्ये अडकलाय. तिच्यापुढे सोनं ठेवा नाही तर वावर ठेवा, ती तोच उचलणार. मग त्याची किंमत भरपूर असली तर कोणाचं काय वाईट आहे?"

विधवा भावजयीचं पाणी तोडायला निघालेला हा माणूस. कोंबडं मात्र झणझणीत होतं. उगाच खोटं कशाला लिहू.


शनिवार, १४ एप्रिल

कॉलेजच्या वाचनालयात गेलो तर जयंतीची सुट्टी. रस्त्यावर निळे झेंडे, मिरवणुकीची तयारी. मी विसरलो होतो. हात हलवत परत.


सोमवार, १६ एप्रिल

सापडलं. वाचनालयाच्या कपाटात शेतीची इंग्रजी मासिकं पडून आहेत, कुणी पानं सुद्धा कापलेली नाहीत. प्राध्यापक लोक कशासाठी पगार घेतात देव जाणे. त्यातल्या एका अंकात विलायतेतल्या लिलावाची बातमी आहे. जुने, दुरुस्त करून चकचकीत केलेले राखाडी ट्रॅक्टर. हौशी लोक विकत घेतात, जत्रेत मिरवतात. याच जातीचा एक ट्रॅक्टर दोन हजार पौंडांना गेला.

घसारा लावायची चूक मी करत होतो. ही वस्तू यंत्र नाहीच, ही पुराणवस्तू आहे! यंत्राची किंमत वर्षागणिक उतरते, पुराणवस्तूची चढते. हा विचार धुळे जिल्ह्यात आजवर कुणाच्या डोक्यात आला नसेल. रात्री झोप लागली नाही, इतकं बरं वाटत होतं.

दोन हजार पौंडांचे रुपये केले तर छप्पन्न हजार होतात. हा आकडा वहीत लिहून मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसलो.


गुरुवार, १९ एप्रिल

शंका. विलायतेत घेणारे आहेत, पारोळ्यात कोण आहे? हा प्रश्न मी स्वतःलाच घातला आणि स्वतःच उत्तर दिलं: किंमत ही वस्तूत असते, गिऱ्हाइकात नाही. हिरा खेड्यात पडला म्हणून गारगोटी होत नाही. भांबावून जायला मी काय शिलाई मशीनवाला आहे?

भाईदास कैऱ्यांची गोणी घेऊन आले. म्हणाले, छप्पन्न कशाला, साठ करा, म्हणजे वावराच्या बरोबरीला येईल आणि पंचांना फोडाफोड करायला नको. मी सांगितलं, आकडे असे वाकत नाहीत. मग त्यांनी विचारलं, खानदेशात असा दुसरा आहे का? नसावा. मग दुर्मिळतेचे वेगळे धरता येत नाहीत का? मुद्दा बरोबर होता. 'स्थानिक दुर्मिळता: चार हजार.' एकूण साठ. हे मी त्यांच्यासाठी केलेलं नाही.


रविवार, २२ एप्रिल

द्रौपदाबाई आली, भुईमुगाच्या शेंगा घेऊन, पुना नानांच्या सुनेला सोबत घेऊन. तीच रड. कमी लिहा, कमी लिहा, माझ्या ट्रॅक्टरपायी वावर जाऊ देऊ नका. मी कडक शब्दांत सांगितलं की मूल्यांकन रडण्याने बदलत नाही. तिने मान खाली घातली. "मंग साठ लिखशात का साहेब?" साठ हा आकडा तिला कुठून कळला, हे विचारायचं राहून गेलं.

नंतर ती स्वयंपाकघरात पुष्पाजवळ बसली. तासभर. दोघींचं हलक्या आवाजात काय चाललं होतं ते ऐकू आलं नाही. कपबशा वाजत होत्या. एकदा पुष्पा हसली असं वाटलं, पण एका विधवेच्या दुःखावर ती हसेल असं मला वाटत नाही. निदान वाटत नव्हतं.

कारण पाहुण्या गेल्यावर ती सरळ म्हणाली, "साठच लिहा. एक पैसा कमी नको." मी तिला विचारलं, त्या बाईची तुला जराही दया येत नाही? तिचं तीन एकर बागायत जाईल, हातात काय राहील, तर रॉकेल पिणारा एक पत्र्याचा देव. पुष्पा शेंगा फोडत बसली. "तुम्ही तुमच्या हिशेबाने लिहा," म्हणाली. बायकाच बायकांच्या वैरी म्हणतात ते खोटं नाही.


गुरुवार, २६ एप्रिल

मूल्यांकनाचा कागद टाइप करून आणला. तीन पानं. 'पुराणवस्तू' हा शब्द सात ठिकाणी. खाली सही, शिक्का. बत्तीस वर्षांत मी असा कागद लिहिला नव्हता. साहेब लोकांनी कधी लिहू दिला असता तर.

सकाळी भाईदास घेऊन गेले. उद्या आखाजी. मलाही बोलावलं आहे, मानाने.


शुक्रवार, २७ एप्रिल. आखाजी

दिवसभर जे घडलं ते नीट लिहून ठेवतो, कारण एवढा मूर्खपणा मी जन्मात पाहिलेला नाही.

सकाळी घराघरांत पितरांच्या घागरी भरल्या होत्या, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. लोटनच्या नावाची घागर पडवीत ट्रॅक्टरजवळच मांडली होती. माहेरी आलेल्या पोरी लिंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या. पंच ओट्यावर बसले. पुना नानांनी माझा कागद मोठ्याने वाचून घेतला, गावच्या मास्तराकडून. मास्तर 'पुराणवस्तू' म्हणताना प्रत्येक वेळी अडखळला. साठ हजार ऐकल्यावर गर्दी पुढे सरकली. माझ्याकडे पाहण्याची त्यांची नजरच बदलली.

मग त्यांची रीत. भाईदासनी वाटे पाडले. घोंगडीवर दोन वस्तू ठेवल्या: विहिरीच्या वावरातलं एक ओलं ढेकूळ आणि फर्ग्युसनचं हँडल. घोंगडी द्रौपदाबाईकडे फिरवताना हँडल तिच्या हाताशी येईल असं त्यांनी पाहिलं. मी पाहत होतो, मला कळतं सगळं. भाईदासच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू आताच जेवून उठलेत.

बाईने ट्रॅक्टरकडे पाहिलं. बराच वेळ. मग पदर सावरला, खाली वाकली आणि ढेकूळ उचललं.

"माले वावर जोयजे, नाना," म्हणाली.

झोक्यावरच्या पोरीही उतरून पाहायला आल्या. भाईदास उठले, बसले, पुन्हा उठले. "तिला कळलं नाही," म्हणाले. "नाना, तिला पुन्हा विचारा. साठ हजारांचा ट्रॅक्टर आहे, साहेबांचा कागद आहे." पुना नाना म्हणाले, "कागद मीबी ऐका ना भाईदास. तूच आना व्हता तो. उचलं ते उचलं."

मीही उठलो. मूल्यांकनकार म्हणून माझं कर्तव्य होतं. म्हटलं, बाई, तुम्ही ज्याच्यासाठी महिनाभर रडलात तेच हातचं सोडताय. समान किमतीच्या दोन वस्तूंपैकी तुमच्या नवऱ्याच्या हातची वस्तू सोडताय. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने हँडल उचललं, पदराने पुसलं, पुना नानांच्या हाती दिलं. "नाना, त्यास्ले सांगा, अंगठा दांडाना भाईर ठेवा म्हनीसन. नही ते हात मोडी." जेठाशी थेट बोलत नाही ना.

नंतर मी पाणी प्यायला पडवीत गेलो तर ती लोटनच्या घागरीपाशी बसलेली. ढेकूळ अजून मुठीत. रडत होती, आणि या वेळी आवाज अजिबात नव्हता. मी घसा खाकरला तरी तिला कळलं नाही. एवढंच दुःख होतं तर उचलायचं होतं हँडल. चूक करायची आणि मग कोपऱ्यात बसून रडायचं, ही या लोकांची जुनीच सवय.

भाईदासनी निरोप द्यायला गाडी जुंपली नाही. पारोळ्यापर्यंत चालत आलो.

घरी येऊन पुष्पाला सांगितलं. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. कारण विचारलं तर हात हलवून नको नको म्हणाली.


रविवार, २० मे

फीचे राहिलेले पैसे भाईदासकडून आलेले नाहीत. दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. देण्याची वेळ आली की या लोकांना अक्षरओळख राहत नाही.


सोमवार, ११ जून

भाईदास आले. उजवा हात प्लास्टरमध्ये. हँडलने उलटा फटका दिला म्हणे. मी विचारलं, अंगठा कुठे ठेवला होता? ते भडकले.

ट्रॅक्टर कुणी घेत नाही. अमळनेरचा एक व्यापारी पाहून गेला, त्याने विचारलं, 'हाई चालाले रॉकेल कोन देई?' मालेगावच्या भंगारवाल्याने माझा कागद वाचून दाखवायला सांगितला, आणि सगळा ऐकल्यावर वजनाचा भाव सांगितला. नाशिकला कुणी ट्रॅक्टर गोळा करणारे साहेब आहेत का म्हणून भाईदास दोन वेळा जाऊन आले. असा साहेब नाशिकमध्ये कुणी पाहिलेला नाही.

"तुम्ही साठ हजार लिहिलेत," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की मूल्यांकन म्हणजे विक्रीची हमी नव्हे. वस्तू दुर्मिळ असेल तर गिऱ्हाईकही दुर्मिळच असणार. यावर त्यांचं शहरी मराठी सुटलं. "मंग साठ हजारनं लोखंड तुम्हीच तुमना घरमा ठी ल्या साहेब. मन्ही बागायत गयी, हात गया, आते लोके माले पुरानवस्तू म्हनतस."

उर्मटपणाला उत्तर देणं मी सोडून दिलेलं आहे. दार दाखवलं. फीचा विषय काढणार होतो, पण प्लास्टर पाहून काढला नाही.

ते गेल्यावर पुष्पा बाहेर आली आणि म्हणाली, "आधी कोण उचलणार, हे तुम्ही त्यांना विचारायला पाहिजे होतं." महिने उलटले तरी ही अजून तिथेच. वरातीमागून घोडं.


सोमवार, २० ऑगस्ट. पोळा

पारोळ्याला एका गिरणीच्या इंजिनाचं काम होतं (हे काम द्रौपदाबाईच्या ओळखीने आलं, म्हणजे माझं नाव पसरतंय). परतताना पिंपळखेड्याच्या फाट्यावर पुना नाना भेटले आणि ओढूनच गावात नेलं. पोळ्याची मिरवणूक चालली होती. रंगवलेली शिंगं, झुली, वाजंत्री. बैलांच्या मागे, सगळ्यांत शेवटी, फर्ग्युसन. स्टिअरिंगला बेगड, पितळी डब्याच्या झाकणाला झेंडूची माळ. चालवत होती द्रौपदाबाई.

मी नानांना विचारलं, हा प्रकार काय? त्यांनी सांगितलं. भाईदासच्या दारात ट्रॅक्टर पडून राहिला, पावसात भिजला, शेवटी भंगारवाला गाडी घेऊन आला. तेवढ्यात बाईने नानांच्या हाती निरोप धाडला: भंगारवाल्याच्या भावापेक्षा दोनशे जास्त देते. विहिरीवरच्या गवारीचे आणि भेंडीचे पैसे होते. भाईदासने तोंड फिरवून पैसे घेतले.

म्हणजे पाहा. जी वस्तू आखाजीला तिला वाट्यात मिळत होती, ती तिने तेव्हा उचलली नाही, आणि चार महिन्यांनी पदरचे पैसे मोजून विकत घेतली. हिशेब नावाची गोष्टच नाही यांच्याकडे.

मिरवणूक थांबल्यावर मी तिला हे स्पष्टपणे बोलून दाखवलं. म्हटलं, बाई, माझा कागद आजही खरा आहे, हा साठ हजारांचा आहे. पण तुम्ही चूक केलीत, आधी सोडलात आणि मग विकत घेतलात. ती खाली उतरली, माझ्या पाया पडली. "नही साहेब," म्हणाली, "तुम्ही भाव बराबर लाया व्हता. तुमनामुळेच बठ्ठं व्हयनं." सगळं माझ्यामुळेच झालं म्हणे. मग तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. रडत असावी, पण डोळे कोरडे होते. बाजूच्या बायकाही तोंडाला पदर लावून उभ्या. कृतज्ञता दाखवायची त्यांची तीच पद्धत असेल.

पुरणपोळी खाल्ली, चांगली होती. विहिरीचं पाणी प्यायलो, तेही गोड होतं. ती म्हणाली, पुष्पाबाईंना सांगा, गवारीचं बी राखून ठेवलंय.

घरी येऊन पुष्पाला सांगितलं, तर तीही हसली. दोन बायका एकाच गोष्टीवर हसतात, म्हणजे त्यांच्यात काहीतरी सामायिक अडाणीपणा असणार. मी खोलात गेलो नाही.

आता पाटीची मात्र सगळीकडे चर्चा आहे. चोपड्याकडे एका घरात दिवाळीनंतर वाटणी निघते आहे. तिथे एक जुना ऑइल इंजिनचा पंप आहे आणि शेजारी केळीचा मळा. मूल्यांकनाला दुसरं कुणी नको, देवरेसाहेबच पाहिजेत, असा त्या घरच्या धाकट्या सुनेने खास आग्रह धरला आहे.